जुनी सुतारी हत्यारे आणि जिग कशी ओळखावीत: क्रमवार पद्धत

जुन्या पेटीतून किंवा बंद पडलेल्या कार्यशाळेतून निघालेले हत्यार हाती आले की बहुतेक जण आधी त्यावरचा गंज घासतात, मग ठसा शोधतात आणि ठशात जे नाव सापडेल त्यावरून हत्यार ओळखले असे समजतात. या क्रमात बरीच माहिती हातची जाते. घासण्यात फिकट ठसे, जुना लेप आणि वापराच्या खुणा पुसल्या जातात. ठशातले नाव पुष्कळदा कारखान्याचे नसून मालकाचे असते, आणि पाते एका कारखान्याचे व अंग दुसऱ्याचे असणे तर जुन्या हत्यारांत नेहमीचेच. जिगवर, म्हणजे लाकूड किंवा हत्यार ठरावीक कोनात वा अंतरावर धरून ठेवणाऱ्या साधनावर, बहुधा ठसाच नसतो, कारण कारागिराने तो आपल्या कामापुरता स्वतः बनवलेला असतो.

म्हणून येथे क्रम उलटा ठेवला आहे. हत्याराने कोणते काम केले हे आधी ठरवावे, मग त्याची बांधणी पाहावी, मग मापे घ्यावीत, त्यानंतर ठसे वाचावेत, आणि नाव व काळ सर्वांत शेवटी लिहावा. नाव आधी ठरले की पुढे दिसणाऱ्या प्रत्येक खुणेचा अर्थ आपण त्या नावाला जुळेल असाच लावत जातो आणि न जुळणारी खूण डोळ्यांआड होते.

## तयारी

साधने थोडीच लागतात: एका बाजूने तिरपा प्रकाश पाडता येईल असा टॉर्च, भिंग, मिलिमीटर व इंच या दोन्ही खुणा असलेली पोलादी पट्टी, व्हर्नियर कॅलिपर, कोनमापक, लहान चुंबक, मऊ ब्रश, पातळ कागद आणि मऊ शिशाची पेन्सिल. इंचाची पट्टी वगळू नये, कारण जुन्या इंग्रजी आणि अमेरिकी हत्यारांची मापे इंचाच्या अपूर्णांकांतच पूर्ण जुळतात आणि मिलिमीटरमध्ये ती निरर्थक दिसतात.

प्रत्येक वस्तूसाठी वेगळा ट्रे ठेवावा. ज्या पेटीत किंवा पिशवीत सुटे स्क्रू, पाचरी आणि पट्ट्या सापडल्या, त्या तिथल्याच हत्यारांच्या सोबत राहू द्याव्यात. 'हे कशाचे तरी असेल' म्हणून सगळे सुटे भाग एका डब्यात टाकले की निम्मी ओळख तिथेच संपते. काहीही उघडण्याआधी सहा बाजूंनी छायाचित्रे काढावीत आणि प्रत्येकात पट्टी दिसेल असे पाहावे.

या टप्प्यावर फक्त कोरडा मऊ ब्रश वापरावा. तारेचा ब्रश, सँडपेपर, व्हिनेगर आणि सायट्रिक आम्ल यांना अजून हात लावू नये. आम्लाने गंज निघतो हे खरे, पण त्याच वेळी पोलादाचा पृष्ठभागही कुरतडला जातो, आणि करवतीच्या पात्यावर जे चित्र किंवा अक्षरे उथळ कोरलेली असतात ती यामुळेच कायमची जातात.

सावधान: जुन्या रंगात शिसे असू शकते. रंगवलेल्या मुठी आणि अंगे कोरडी घासू नयेत, आणि हाताळल्यावर हात धुवावेत. गंजलेल्या पात्यालाही धार शिल्लक असते, म्हणून पाते बोटाने चाचपून पाहू नये.

## टप्पा १: वस्तू पूर्ण आहे का, ते पाहा

ओळख चुकण्याचे सर्वांत मोठे कारण हरवलेला भाग हे आहे. अंगावर आटे पाडलेली पण रिकामी भोके, एका बाजूला घासून गुळगुळीत झालेला चौकोन, गंजाच्या मधोमध दिसणारा स्वच्छ पट्टा, किंवा लाकडावर उरलेली फिकट सावली या सगळ्यांचा अर्थ एकच असतो: येथे काहीतरी बसत होते.

स्टॅन्ली या अमेरिकी हत्यार-कंपनीचा ७८ क्रमांकाचा रंधा याचे चांगले उदाहरण आहे. त्याला कडेला एका दांडीवर सरकणारी आधारपट्टी आणि खोली ठरवणारा थांबा असतो. हे दोन्ही हरवले की उरलेले अंग कडेला खाच काढणाऱ्या एखाद्या साध्या रंध्यासारखे दिसते आणि तसेच विकलेही जाते. अंगावरची आट्यांची भोके पाहिली असती, तर ही चूक झाली नसती. ४५ क्रमांकाच्या संयुक्त रंध्याची गत याहून वाईट असते, कारण पात्यांचा संच, दांड्या आणि आधारपट्टी गेल्यावर जे उरते त्याला रंधा म्हणणेही नवख्याला जड जाते.

तपासणी: प्रत्येक रिकाम्या भोकाची, खोबणीची आणि आट्याची नोंद झाली का? 'येथे काय बसत असावे' याचे उत्तर अजून माहीत नसले तरी चालेल, नोंद मात्र हवी.

## टप्पा २: नाव न घेता काम ठरवा

तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. कापणारी किंवा खूण करणारी कड कोणती? वस्तूचा कोणता पृष्ठभाग लाकडावर टेकून तिला दिशा देतो? आणि हाताचा किंवा हातोड्याचा जोर कुठून येतो?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुठीच्या टोकाकडे पाहून मिळते. टोक चेपलेले, दळदार किंवा लोखंडी कडीने बांधलेले असेल, तर त्यावर ठोके पडत होते. ते गुळगुळीत, गोलसर आणि तळहाताने काळवंडलेले असेल, तर हत्यार ढकलून वापरले जात होते. जड, जाड पात्याची खाच पाडण्याची पटाशी आणि लांब, पातळ पात्याची तासण्याची पटाशी यांच्यात एवढ्यावरून फरक करता येतो. रुंदी दोघींची सारखीही असू शकते.

वापराची झीज ही बनावट करायला सर्वांत अवघड खूण असते, म्हणून तिच्यावर वेळ घालवावा. रंध्याच्या तळाची झीज बहुधा तोंडाच्या, म्हणजे पाते जिथून बाहेर येते त्या फटीच्या, पुढे आणि कडांवर असते. मार्किंग गेजच्या (कडेला समांतर रेघ आखण्याच्या साधनाच्या) दांड्यावर ठोकळा जिथे वारंवार थांबवला गेला, तिथे स्क्रूचे वळ उठतात. करवतीचे पाते वर्षानुवर्षे कानशीने दात लावल्यामुळे पुढच्या टोकाकडे निमुळते आणि अरुंद होत जाते. झीज जिथे असायला हवी तिथे नाही आणि जिथे नसावी तिथे आहे, असे दिसले तर एकतर काम चुकीचे ओळखले आहे किंवा भाग नंतर बदलला आहे.

आणखी एक प्रश्न येथेच मिटवावा: हे सुतारी हत्यार आहे का? जहाजाच्या फटींत धागा ठोसण्याची लोखंडी 'पटाशी' बोथट असते आणि तिच्या टोकाला अनेकदा लांबट खाच असते. तिला धार लावून ठेवणे म्हणजे तिचा नाश करणे. शिशाचे नळ रुंद करण्याचा लाकडी शंकू, पुस्तकबांधणीत कागदाच्या कडा कापण्याचे दोन गालांचे स्क्रूवाले यंत्र, चामडे कापण्याची अर्धचंद्राकृती सुरी आणि पिंपाच्या फळ्यांत आतून खोबण पाडणारे साधन ही सगळी सुतारी हत्यारांच्या पेटीत हमखास सापडतात. लाकडी मूठ आणि लोखंडी पाते एवढ्यावरून धंदा ठरत नाही.

## टप्पा ३: बांधणीवरून प्रकार ठरवा

### रंधे

सर्वांत जास्त चुका रंध्यांत होतात, म्हणून येथे सावकाश जावे. रंधा उलटा धरून आधी तळ पाहावा, मग तोंड, मग पात्याचा कोन आणि शेवटी आधारपट्टी व थांबे.

तळ सपाट असेल आणि पात्याच्या दोन्ही बाजूंना अंगाची भिंत असेल, तर तो पृष्ठभाग तासण्याचा रंधा. लांबी त्याचे काम सांगते: साधारण ९ इंचांचा रंधा गुळगुळीत करण्यासाठी, १४ इंचांचा सुरुवातीच्या जाड तासणीसाठी, २२ किंवा २४ इंचांचा कड सरळ करण्यासाठी. स्टॅन्लीच्या मालिकेत हेच अनुक्रमे ४, ५, ७ आणि ८ क्रमांक होत. रेकॉर्ड या कंपनीच्या, इंग्लंडमधील शेफील्ड शहरात बनलेल्या रंध्यांवर त्याच क्रमांकांपुढे शून्य असते, म्हणजे ०४, ०५ असे.

पाते तळाच्या पूर्ण रुंदीइतके असून दोन्ही कडांना उघडे असेल, तर तो कडेला खाच काढणाऱ्या कुळातला. तळ वक्र किंवा नक्षीदार असेल, तर तो गोला-गलत्याचा रंधा. त्याच्या तळाचा आकार तयार होणाऱ्या नक्षीच्या नेमका उलट असतो, म्हणून तळाचा पेन्सिलने कागदावर छाप घेऊन तो उलटा वाचावा. अशा इंग्रजी धाटणीच्या रंध्यांच्या पुढच्या टोकावर कधी कधी तिरपी कोरलेली रेघ असते. ती ओरखडा नव्हे. रंधा कोणत्या कोनात कलवून धरायचा ते ती दाखवते. तळाच्या झिजणाऱ्या कडेवर वेगळ्या, पिवळसर आणि घट्ट लाकडाची पट्टी बसवलेली दिसली, तर ती दुरुस्ती असेलच असे नाही. बहुधा मूळ बांधणीतच बॉक्सवुड बसवलेले असते.

पाते जवळजवळ उभे बसवलेले आणि त्याच्या पाठीवर बारीक समांतर खोबण्या असतील, तर तो व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) चिकटवण्याआधी पृष्ठभाग खरवडण्याचा दातेरी रंधा. त्याच्या पात्याची कड कंगव्यासारखी दिसते म्हणून पाते खराब झाले असे समजून ते सपाट घासून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. त्यानंतर त्या रंध्याचा काही उपयोग राहत नाही.

आता एक नमुना जवळून पाहू. साडेनऊ इंच लांबीचा लाकडी रंधा आहे. तळ जेमतेम पाऊण इंच रुंद, पाते तिरपे बसवलेले आणि दोन्ही कडांना उघडे. येथवर पाहून 'खाचेचा रंधा' असे लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. पण मुख्य पात्याच्या पुढे आणखी एक उभी खाच आहे, तिच्यात स्वतःची पाचर आहे, आणि पाचर सैल केल्यावर बाहेर येते ते दोन टोके असलेले चिमट्यासारखे पाते. त्याची दोन टोके तळाच्या दोन्ही कडांच्या रेषेत येतात. म्हणजे मुख्य पाते पोहोचण्याआधी हे टोकदार पाते खाचेच्या दोन्ही बाजूंचे तंतू कापून ठेवते. असे कापून ठेवण्याची गरज तंतूंना आडवे काम करतानाच पडते. बाजूला पितळी थांबा आहे, तो खोली ठरवतो. आधारपट्टी मात्र नाही आणि तिच्यासाठी भोकेही नाहीत, कारण हा रंधा फळीवर खिळलेल्या सरळ पट्टीला टेकवून चालवतात. कपाटाच्या उभ्या फळीत आडवा खण बसवण्यासाठी जी खाच लागते ती काढण्याचा हा रंधा आहे, आणि त्याची रुंदी म्हणजेच खणाच्या फळीची जाडी. या सगळ्या निष्कर्षांत एकाही ठशाचा आधार घ्यावा लागला नाही.

### करवती

आधी दात पाहावेत. पुढची कड जवळजवळ उभी आणि टोक पटाशीसारखे सपाट असेल, तर ती तंतूंच्या दिशेने चिरण्याची करवत. दात दोन्ही बाजूंनी तिरपे घासून सुरीच्या टोकासारखे केले असतील, तर ती आडवी कापण्याची. पण दात पुन्हा लावताना मालक प्रकार बदलू शकतो, म्हणून दातांवरून शेवटचा वापर कळतो, मूळ प्रकार कळेलच असे नाही.

मुठीजवळ पात्यावर कधी कधी एक आकडा ठोकलेला असतो. तो इंचातील टोकांची संख्या सांगतो, दातांची नव्हे. एका इंचात दोन्ही टोके धरून मोजले की टोके दातांपेक्षा एकाने जास्त भरतात. ८ आकडा असलेल्या करवतीत इंचाला ७ पूर्ण दात असतात. मोजणी आकड्याशी जुळत नसेल, तर दात नंतर नव्याने पाडले आहेत.

मुठीवरच्या पितळी चकतीवर 'वॉरंटेड सुपीरियर' एवढीच अक्षरे असतील, तर तिच्यावरून कारखाना ठरत नाही. अशी चकती अनेकांनी वापरली.

### पटाश्या, गिरमिटे आणि आखणीची साधने

पटाशीची मूठ पात्याच्या शेपटीवर ठोकलेली आहे की पात्याला असलेल्या पोकळ शंकूत बसली आहे, हे आधी नोंदवावे. पोकळ शंकूची मूठ तुटली की लोक सबंध लोखंडी पटाशी समजून शंकूवरच हातोडा मारतात. शंकूचे ओठ बाहेर वळलेले दिसले, तर तसेच झाले आहे. गोल पटाशीत धार बाहेरून लावली आहे की आतून, तेही लिहावे. कोरीवकामाच्या पटाशीवरचा लहान आकडा बहुधा वक्रतेचा असतो, रुंदीचा नसतो.

ब्रेसमध्ये (हाताने फिरवायच्या वाकड्या दांड्यात) बसणाऱ्या गिरमिटाच्या चौकोनी, निमुळत्या शेपटावरचा आकडा इंचाचे सोळावे भाग मोजतो, म्हणजे ८ म्हणजे अर्धा इंच आणि १२ म्हणजे पाऊण इंच. दोन समांतर पीळ असलेले गिरमिट जेनिंग्ज पद्धतीचे, आणि मधोमध भरीव दांडा व त्याभोवती एकच पीळ असलेले अर्विन पद्धतीचे.

मार्किंग गेजला एक काटा, खाच-कूस सांध्याच्या गेजला दोन काटे व त्यांतील अंतर बदलण्याची सोय, आणि कापणाऱ्या गेजला काट्याऐवजी पाचरीने धरलेले लहान पाते असते. हातोडे, मोगऱ्या आणि कानशी यांवर येथे वेळ घालवत नाही. त्यांत प्रकार ओळखणे सोपे असते.

तपासणी: 'प्रकार' या रकान्यात आपण जे लिहिले, ते केवळ आकारावरून लिहिले की काम, झीज आणि बांधणी या तिन्हींवरून? तिन्हींपैकी एक जुळत नसेल, तर रकान्यात प्रश्नचिन्ह ठेवावे आणि पुढे जावे.

## टप्पा ४: जिग

जिग ओळखताना हत्याराप्रमाणे धार शोधून उपयोग नाही, कारण पुष्कळ जिगना धार नसतेच. त्याऐवजी दोन पृष्ठभाग शोधावेत: ज्यावर लाकूड टेकते तो, आणि ज्यावर हत्यार चालते तो. हे दोन सापडले आणि त्यांच्यातला कोन व अंतर मोजले, की जिगचे काम बहुतेक उलगडते.

बेंच हूक (करवतीने कापताना लाकूड अडवून धरणारा) आणि शूटिंग बोर्ड (लाकडाचे टोक रंध्याने तासताना आधार देणारा) यांची नेहमी गल्लत होते, कारण दोन्ही म्हणजे आडवी पट्टी ठोकलेली फळी. बेंच हूकला एक पट्टी वर आणि दुसरी विरुद्ध टोकाला खाली असते, आणि वरच्या पट्टीच्या टोकाशी करवतीचे अनेक उथळ, वेडेवाकडे काप असतात. शूटिंग बोर्डला बाजूने एक खालची पायरी असते, जिच्यावर रंधा आडवा पडून सरकतो. ती पायरी एका रुंद पट्ट्यात चकचकीत झालेली असते, आणि थांबवणाऱ्या पट्टीचे टोक रंध्याने तासल्यामुळे वरच्या फळीच्या कडेशी नेमके समतल झालेले असते. थांबवणारी पट्टी ९० अंशांत असेल तर चौकोनी टोकांसाठी, ४५ अंशांत असेल तर चौकटीच्या कोपऱ्यांसाठी.

कोन विचित्र वाटला तर जिग चुकीचा बनवला असे समजू नये. समान बाजूंच्या चौकटीत प्रत्येक टोकाचा काप १८० भागिले बाजूंची संख्या एवढ्या अंशांचा असतो. त्यामुळे ३० अंशांचा जिग षट्कोनासाठी, २२.५ अंशांचा अष्टकोनासाठी आणि ३६ अंशांचा पंचकोनासाठी बनवलेला असू शकतो.

उतार असलेला लहान पितळी किंवा लाकडी कोपरा मिळाला, तर त्याचा उतार मोजावा. ६ ला १ किंवा ८ ला १ आला, म्हणजे सुमारे साडेनऊ किंवा सात अंश, तर तो डव्हटेल (पारव्याच्या शेपटीच्या आकाराचा) सांधा आखण्याचा साचा आहे. चढत्या आकाराच्या भोकांची जाड पोलादी पट्टी म्हणजे लाकडी खुंट्या त्यातून ठोकून गोल करण्याची पट्टी. तिच्यातील भोके खालच्या बाजूला किंचित रुंद असतात. पोलादी नळ्या बसवलेला आणि लाकडाच्या कडेवर आवळता येणारा जिग म्हणजे खुंट्यांची भोके सरळ पाडण्याचा. त्याच्या नळ्या सुट्या होत असल्याने त्या हरवलेल्याच असतात, आणि उरलेल्या भोकाचा व्यास खुंटीच्या व्यासापेक्षा मोठा असतो हे लक्षात ठेवावे.

नेमक्या समांतर कडांच्या दोन जोड-पट्ट्या, विशेषतः एकीच्या कडेला गडद व दुसरीच्या कडेला फिकट लाकूड असेल, तर त्या फळीतला पीळ पाहण्यासाठी असतात. त्यांना कधीही वेगळे करू नये आणि फळीचे तुकडे म्हणून कापू तर मुळीच नये. तसेच, कडेला चाकूने आखलेल्या रेघा व फुल्या असलेली लांब, अरुंद काठी ही मापांची काठी असते: एका कपाटाची किंवा खिडकीची सगळी अंतरे तिच्यावर प्रत्यक्ष मापात उतरवलेली असतात. एरवी जिगवर नाव नसते, पण येथे रेघांमधली अंतरे मोजून कोणती वस्तू बनवली जात होती ते सांगता येते.

सावधान: जिगच्या टेकण्याच्या पृष्ठभागावर चिकटलेला जुना कागद, सँडपेपर किंवा पत्र्याचा तुकडा काढू नये. बहुतेक वेळा तो कोन किंवा अंतर नेमके करण्यासाठी मुद्दाम चिकटवलेला असतो.

## टप्पा ५: मापे

लांबी, रुंदी, पात्याची रुंदी आणि जाडी, पात्याचा तळाशी कोन, आणि असल्यास स्क्रूच्या आट्यांचे माप एवढे पुरे आहे. पात्याचा कोन तोंडातून नव्हे, पाते ज्यावर टेकते त्या बैठकीवरून घ्यावा. ४५ अंश हा सर्वसाधारण कोन. ५० ते ६० अंशांचे कोन कठीण लाकडाच्या व नक्षीच्या रंध्यांत येतात. लहान ब्लॉक रंध्यात पाते बरेच आडवे, साधारण २० अंशांवर आणि उतार वर करून बसते.

जुन्या स्टॅन्ली रंध्यांचे कित्येक स्क्रू आजच्या प्रमाणित आट्यांत बसत नाहीत. म्हणून स्क्रू काढला तर तो लगेच त्याच भोकात परत बसवावा, आणि अडला तर जोर न लावता सोडून द्यावा.

## टप्पा ६: ठसे वाचा

आता भिंग आणि तिरपा प्रकाश घ्यावा. प्रकाश पृष्ठभागाशी जवळजवळ समांतर धरला की डोळ्यांना न दिसणारे ठसेही सावलीतून उठतात. पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवल्यास छाप उतरतो, पण हे भक्कम पृष्ठभागावरच करावे.

लाकडी रंध्यात कारखान्याचा ठसा बहुधा पुढच्या टोकावर, वरच्या भागात, मधोमध आणि सरळ असतो. मालकाचे ठसे याउलट अनेक ठिकाणी, वेगवेगळ्या आकारांत, कधी तिरपे आणि पुन्हापुन्हा मारलेले असतात. एकाच नावाचे तीन ठसे दिसले, तर ते नाव जवळपास निश्चित मालकाचे समजावे. पात्यावरचा ठसा पात्यापुरताच खरा असतो. त्यावरून रंध्याचे अंग कोणाचे ते ठरवू नये.

'कास्ट स्टील' ही अक्षरे असलेली पटाशी साच्यात ओतलेली असते हा गैरसमज मोडून काढला पाहिजे. त्या ठशाचा अर्थ मुशीत वितळवून शुद्ध केलेले पोलाद असा आहे. ही पद्धत बेंजामिन हंट्समन यांनी १७४० च्या दशकात शेफील्डजवळ विकसित केली, आणि हा ठसा पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चांगल्या दर्जाची खूण म्हणून मारला जात राहिला. त्यामुळे या ठशावरून काळ काढता येत नाही.

## टप्पा ७: काळ ठरवा

काळ कधीही एका खुणेवरून ठरवू नये. प्रत्येक खूण 'याआधीचे नाही' किंवा 'यानंतरचे नाही' एवढेच सांगते, आणि दोन्ही प्रकारच्या खुणा मिळाल्या तरच मधला पट्टा हाती लागतो.

पेटंटची तारीख ही पहिल्या प्रकारातली. स्टॅन्लीच्या रंध्याच्या अंगावर, पाते ज्यावर टेकते त्या लोखंडी ठोकळ्याच्या मागे '१९ एप्रिल १९१०' या तारखेचा संक्षेप आढळतो, आणि तो पाहून रंधा १९१० चा असे लिहिले जाते. ही तारीख त्या पेटंटची आहे. तीच अक्षरे १९२० च्या दशकातही ओतली जात होती. तारखेऐवजी पेटंटचा क्रमांक असेल आणि तो अमेरिकी असेल, तर दहा लाखावा क्रमांक १९११ मध्ये, वीस लाखावा १९३५ मध्ये आणि तीस लाखावा १९६१ मध्ये दिला गेला, एवढ्यावरून ढोबळ जागा सापडते.

देशाचे नाव इंग्रजीत ठोकलेले असेल, तर वस्तू निर्यातीसाठी होती असा तर्क करता येतो. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव बंधनकारक केले, म्हणून असे ठसे १८९१ पासून पुढे झपाट्याने वाढले. 'डी.आर.पी.' हा जर्मन पेटंटचा ठसा १८७७ च्या आधी आणि 'डी.आर.जी.एम.' हा तिथल्या नोंदणीकृत लहान शोधांचा ठसा १८९१ च्या आधी असू शकत नाही. 'पश्चिम जर्मनी' असे असेल, तर १९४९ ते १९९०.

स्टॅन्लीच्या पात्यावर हृदयाच्या आकृतीत दोन अक्षरे असलेला ठसा साधारण १९२० ते १९३५ या काळातला. डिस्टन या अमेरिकी कारखान्याच्या करवतीच्या चकतीवर 'अँड सन' असे एकवचन असेल, तर १८६५ ते १८७१, आणि 'अँड सन्स' असेल, तर त्यानंतरचा काळ. कारखाना १९५५ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेला.

अमेरिकी स्टॅन्ली रंध्यांच्या पिढ्यांचे जे तक्ते प्रचलित आहेत, ते त्याच देशात बनलेल्या पृष्ठभाग तासण्याच्या रंध्यांना लागू होतात. इंग्लंडमध्ये बनलेल्या स्टॅन्लीला, किंवा इतर कंपन्यांच्या तशाच दिसणाऱ्या रंध्यांना, ते लावणे ही नेहमीची चूक आहे.

तपासणी: अंगावरून, पात्यावरून आणि मुठीवरून तीन स्वतंत्र काळपट्टे लिहून पाहावेत. ते एकमेकांवर येत नसतील, तर हत्यार जोडकाम आहे.

## टप्पा ८: जोडकाम आहे का ते पाहून नोंद लिहा

जोडकाम म्हणजे बनावट नव्हे. पाते झिजून संपते आणि कारागीर नवे आणतो. मूठ फुटते आणि तो दुसरी बसवतो. पण नोंदीत ते स्पष्ट असले पाहिजे. नवी मूठ बहुधा भोकांजवळ ओळखू येते: स्क्रूच्या डोक्याभोवती जुनी, बुजलेली भोके दिसतात किंवा पात्यावर आधीच्या मुठीच्या आकाराची फिकट रेघ उरलेली असते. लाकडी रंध्यात पाचर नव्याने केली असेल, तर तिचा रंग आणि तिच्या कडांची झीज अंगाशी जुळत नाही.

दुर्मीळ आकाराच्या रंध्यांची बनावट मात्र खरोखर होते. अंगावरचा आकडा बाकीच्या ओतीव अक्षरांपेक्षा जास्त टोकदार असणे, त्याच्याभोवती लेपाचा रंग वेगळा असणे, आणि मापे त्या क्रमांकाच्या ज्ञात मापांशी न जुळणे, यांतील कोणतीही एक गोष्ट दिसली तरी थांबावे.

नोंद लिहिताना तीन दर्जे ठेवावेत: पाहिलेले, मोजलेले आणि अनुमानाने ठरवलेले. वरच्या लाकडी रंध्याची नोंद अशी होईल: 'लांबी साडेनऊ इंच, तळाची रुंदी पाऊण इंच, पुढे दुहेरी टोकाचे कापणारे पाते, आधारपट्टीची सोय नाही, काम: तंतूंना आडवी खाच, मालकाचा ठसा तीन ठिकाणी, कारखान्याचा ठसा सापडला नाही, काळ ठरवलेला नाही.' रकाना रिकामा राहिला तरी चालतो. अंदाज मात्र निष्कर्षाच्या रकान्यात जाऊ नये.

गंज काढणे, तेल देणे, धार लावणे हे सगळे या नोंदीनंतर. करवतीच्या पात्यावर उथळ कोरलेली अक्षरे असतील असा संशय असेल, तर तेवढा भाग सपाट ठोकळ्यावर गुंडाळलेल्या अगदी बारीक ओल्या सँडपेपरने, हलक्या हाताने आणि एकाच दिशेने घासावा. अक्षरांचा पहिला माग दिसताच थांबून छायाचित्र काढावे, कारण पुढचे दोन हात त्याला पुसूनही टाकू शकतात.